डाव्या हाताने वाढणारा आचारी

श्रीधरपंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंडईत मेथीच्या जुड्या निवडत होतो. फोन आमच्या चित्रपट मंडळाचे कार्यवाह नितीन यांचा होता. "कॅप्टन, वाईट बातमी आहे. श्रीधरकाका गेले. सकाळी, झोपेतच." मग सांत्वन करावे तसे ते पुढे म्हणाले, "सुटले म्हणायचं. हल्ली त्यांचं सगळं विस्कटलंच होतं ना..." मी फोन बंद केला. भाजीवालीने विचारले, "आजोबा, दोन देऊ का तीन?" मी तीन म्हणालो. घरी मी एकटा असतो. तीन जुड्यांचे मी काय करणार होतो, मला ठाऊक नाही.

या पुरवणीत, विजय दिवसाच्या आधीच्या रविवारी, याच जागी दरवर्षी श्रीधरपंतांची यादी छापून येत असे. विजय दिवसाला घरी बसून पाहावेत असे पाच जुने युद्धपट आणि प्रत्येकापुढे तो का पाहावा याचे एका ओळीचे कारण. यंदा ती यादी मी करावी असे संपादकांनी सुचवले. मी नकार दिला. यादी त्यांनी करून ठेवलेली आहे. तिचे काय झाले आणि तिच्यावरून या शहरात गेला महिनाभर जे बोलले जात आहे ते खोटे का आहे, एवढेच मी येथे लिहिणार आहे. वाचकांना सांत्वनपर मजकूर हवा असेल तर शोकसभेत झालेली भाषणे मंडळाने छापली आहेत, ती मागवून घ्यावीत.

त्या शोकसभेत एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितले की, श्रीधरपंतांना युद्धपटांचे वेड होते. साफ चूक. टेलिफोन खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या या माणसाला रक्त पाहवत नसे. पडद्यावर तोफा सुरू झाल्या की ते चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसत आणि आवाज थांबला की पुन्हा लावत. मी शेजारी बसत असे, प्राध्यापक मागच्या रांगेत झोपलेले असत. दुसऱ्या एका वक्त्याने सांगितले की, यादी खरे तर माझी असे आणि हस्ताक्षर तेवढे त्यांचे. ही माझी स्तुती होती, तरीही खोटी होती. मी सुचवलेले चित्रपट त्यांनी वर्षानुवर्षे निर्विकारपणे नाकारले. त्यांची कसोटी वेगळीच होती. "अहो कॅप्टन, यातला नायक छातीत गोळी लागून मरतो आणि त्याचा भांग मोडत नाही. असल्या मरणावर माझा विश्वास नाही," असे म्हणून त्यांनी एक गाजलेला, पारितोषिके मिळालेला चित्रपट कायमचा बाद केला होता. युद्धात माणसे जेवतात कधी, त्यांचे पाय ओले होतात का, पत्र आले नाही तर ती काय करतात, हे ज्यात दिसते तेच चित्रपट त्यांच्या यादीत येत. एका वर्षी त्यांनी पहिल्या क्रमांकावर एक परदेशी चित्रपट ठेवला होता. त्यात दोन तासांत एकही गोळी सुटत नाही, फक्त एक तुकडी चिखलात रुतलेला गाडा काढत राहते. त्यावर वाचकांची रागाची पत्रे आली. ती त्यांनी मला मोठ्या समाधानाने वाचून दाखवली.

आमची ओळखही भांडणातूनच झाली. लष्करातून निवृत्त होऊन मी पुण्यात नुकताच राहू लागलो होतो. मंडळाच्या एका खेळाला गेलो, तर पडद्यावरचा शिपाई बंदूक अशी धरत होता की, पहिलीच गोळी त्याच्या पायावर बसावी. मी उभा राहून तसे मोठ्याने सांगितले. काळोखातून एक शांत आवाज आला, "आपल्याला तिकीट पाहण्याचं दिलं आहे, बोलण्याचं नाही. बसा." मध्यंतरात तो आवाज माझ्यासमोर येऊन उभा राहिला. किरकोळ अंगाचा, पांढऱ्या टोपीतला मनुष्य. हातातली छत्री त्याने माझ्यापुढे केली आणि म्हणाला, "हं. आता दाखवा, कशी धरतात." मी दाखवली. त्याने ती खांद्याला लावून पाहिली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बरोबर धरली. "आपलं बरोबर होतं," तो म्हणाला, "पण वेळ चुकीची होती." पुढे जवळजवळ तीस वर्षे आम्ही दर शनिवारी भांडलो. अहो-जाहो मात्र शेवटपर्यंत सोडले नाही.

आता तिसऱ्या विधानाकडे येतो. ते सर्वांच्या तोंडी आहे आणि त्याच्यासाठीच हा लेख आहे. शेवटच्या काही महिन्यांत श्रीधरपंतांचे डोके ठिकाणावर नव्हते, असे म्हणतात. पुरावा म्हणून यंदाची यादी दाखवतात. दसऱ्यानंतरच्या बैठकीत त्यांनी ती वाचली. पहिल्या क्रमांकावर एक जुना कृष्णधवल मराठी चित्रपट होता. लग्नघरी स्वयंपाकाला आलेल्या एका आचाऱ्याची ती विनोदी गोष्ट. त्यात युद्ध नाही, सैनिक नाही, साधा पोलीसही नाही. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. नितीन म्हणाले, "काका, लिस्टचं टायटल 'युद्धपट' आहे. यात लढाई कुठे आहे? पंगतीत?" हशा झाला. श्रीधरपंतही हसले. "कॅप्टननी एकदा पाहावा," ते म्हणाले, "मग बोलू." त्यांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर खिशात खाऊ लपवून आणणाऱ्या बापासारखा भाव होता. तो मला दिसला. पण मला वाटले की, हा माणूस माझी, माझ्या गणवेशाची, ज्या दिवसावर माझ्या पलटणीतल्या माणसांची नावे आहेत त्या दिवसाची थट्टा करतो आहे. मी उभा राहिलो. "श्रीधरपंतांचं आता वय झालं आहे," मी म्हणालो, "कशाला काय म्हणतात तेही कळेनासं झालं आहे. यापुढे यादी दुसऱ्या कोणी केलेली बरी."

श्रीधरपंतांनी टोपी काढली, कपाळ पुसले आणि टोपी पुन्हा नीट बसवली. "बरं," एवढेच म्हणाले. ती आमची शेवटची भेट... म्हणजे, वाचकहो, ज्या विधानाचे खंडन करायला मी हा लेख लिहायला बसलो आहे, ते विधान प्रथम माझ्याच तोंडून निघाले होते. नितीन यांनी ते फक्त फोनवर परत केले.

त्यानंतर तीन आठवडे मी त्यांना फोन केला नाही. तेच करतील म्हणून वाट पाहत बसलो. पूर्वी तसेच होत असे. भांडण माझे असे आणि फोन त्यांचा. दिवाळी झाली. फराळाचा डबा दरवर्षीप्रमाणे त्यांच्या पत्नी सुमतीवहिनींनी पाठवला. तो आणणाऱ्या शेजाऱ्यांना मी श्रीधरपंतांची प्रकृतीही विचारली नाही. मग मंडईतला तो फोन आला.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावले. श्रीधरपंतांच्या पाकिटात बुधवार पेठेतल्या एका दुकानाची पावती सापडली होती. घरचा डीव्हीडी प्लेअर त्यांनी दुरुस्तीला टाकला होता. "भाऊजी, तेवढा आणून द्याल का?" त्या म्हणाल्या, "मला त्या गल्लीत जाववत नाही. दर बुधवारी जायचे हो ते तिथं." दर बुधवारी ते बुधवार पेठेत जात, हे तीस वर्षांत मला माहीत नव्हते.

दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. मालक इक्बालभाई माझ्यापेक्षा थोडे तरुण. त्यांनी पावती पाहिली, मग मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. "तुम्ही कॅप्टन," ते म्हणाले. मी म्हणालो, होय. "साहेबांनी वर्णन केलं होतं. म्हणाले होते, दुकानात शिरल्या शिरल्या जो माझी काहीतरी चूक काढेल, तो कॅप्टन." त्या दिवशी मी कोणाचीच चूक काढली नव्हती. त्यांनी खालून प्लेअर काढला. "तबकडी आत अडकली होती. चांगली निघाली, ओरखडा नाही. फार घाई करत होते हो साहेब. म्हणाले, लवकर करा इक्बालभाई, कॅप्टन रुसलेत, त्यांना घरी बोलवायचंय. मी म्हटलं, दिवाळीनंतर देतो..." मग म्हणाले, "वीस वर्षं शोधला त्यांनी हा सिनेमा. मला तर वाटायचं, हा सिनेमा नाहीच आहे. डाव्या हातानं वाढणारा आचारी! अहो, या गल्लीत जुने मराठी सिनेमे विकण्यात माझा जन्म गेला, असला आचारी मी पाहिला नाही. पाहुण्यांच्या पंगतीत डाव्या हातानं वाढेल कोण?"

मी स्टुलावर बसलो.

एकाहत्तर साली मी वीस वर्षांचा साधा शिपाई होतो, कॅप्टन हे पद निवृत्तीच्या वेळचे. लढाई सुरू व्हायच्या थोडे आधी आमची पलटण पश्चिम सीमेजवळ होती. एका संध्याकाळी जीपवरून सिनेमाचे यंत्र आले. शिसवीच्या दोन झाडांना, दोन चादरी जोडून शिवलेला पडदा बांधला. माझ्या शेजारच्या गावचा नामदेव आणि मी कामावरून आलो, तोवर चित्रपटाच्या नावाच्या पाट्या सरल्या होत्या. बसलो ते नेहमीच्या जागी, पडद्याच्या पलीकडे. पुढची बाजू साहेबांची आणि जुन्या लोकांची असे. नव्या पोरांनी पाठीमागून पाहायचे, हा रिवाजच होता. चित्र दोन्हीकडून सारखेच स्वच्छ दिसे, म्हणून ती पाठीमागची बाजू आहे हे कधी मनातच आले नाही. लग्नघरी आचारी येतो, त्या घरच्या मुलीवर त्याचा जीव जडतो आणि तिच्याच लग्नाचा स्वयंपाक त्याला रांधावा लागतो, अशी गोष्ट. तो आचारी सगळे डाव्या हाताने करी. डाव्या हाताने वरण वाढी, डाव्या हाताने जिलेबी. आणि पंगत मुकाट्याने जेवे! नामदेव गडाबडा लोळून हसला. "आरं, डाव्या हातानं वाडतुया आन् कुनी काय बोलंना!" आम्हाला वाटले, विनोद तोच आहे. शेवटी मंगलाष्टके सुरू होतात, आचारी मुदपाकखान्याच्या दारात पळी घेऊन उभा, पाटावरची मुलगी मान वर करून त्याच्याकडे बघते... आणि शिट्टी झाली. यंत्र बंद. सगळ्यांनी सामान बांधायचे होते. "राहिलेला मागाहून दाखवू," सुभेदारसाहेब म्हणाले.

पुढचे सगळे दिवस नामदेव आणि मी त्या एकाच गोष्टीवर भांडत होतो. खंदक खणताना, शिळी पुरी खाताना. तो म्हणे, ती पाटावरून उठणार. मी म्हणे, आपल्याकडे मुलगी पाटावरून उठत नसते. तो म्हणे, "तू लई शाना. परत गेल्यावर टॉकीजात बघू, मग कळंल कोन खरं." तो परत गेला नाही. ज्या सकाळी तो गेला, त्या सकाळीही मी त्याला म्हणालो होतो, "नाही उठत."

हे मी श्रीधरपंतांना एकदाच सांगितले असावे. खेळाच्या मधे वीज गेली होती आणि सभागृहाच्या पायऱ्यांवर आम्ही ती यायची वाट पाहत बसलो होतो. आपण पाहिलेला सर्वांत चांगला चित्रपट कोणता, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, डावखुऱ्या आचाऱ्याचा. नाव ठाऊक नाही, शेवट ठाऊक नाही. वीज आली, आम्ही आत गेलो. मी विसरलो. ते विसरले नाहीत. दर बुधवारी त्या जिन्याखाली उभे राहून ते, जगात नसलेला एक डावखुरा आचारी शोधत राहिले. मला त्यांनी कधी विचारले नाही. विचारले असते तर मी म्हटले असते, तुम्हाला शोधता येत नाही. त्यांना ते ठाऊक होते.

"मग सापडला कसा?" मी इक्बालभाईंना विचारले.

"यंदाच्या गणपतीत," ते म्हणाले. एका मंडळाने जुन्या दिवसांची आठवण म्हणून रस्त्यावर आडवा पडदा बांधून सिनेमा लावला होता. गर्दीमुळे श्रीधरपंतांना वळसा घालून पडद्यामागून जावे लागले. जाता जाता त्यांनी वर पाहिले, तर पडद्यावरची बाई डाव्या हाताने आरती ओवाळत होती. "दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी साहेब दारात. काउंटरवर थाप मारली आणि असे हसले, असे हसले! म्हणाले, इक्बालभाई, आपण गाढव आहोत. कॅप्टन पडद्यामागं बसले होते! उजव्या हाताचा आचारी काढा." तो त्यांच्याकडे होता. वीस वर्षे मागच्या फळीवर धूळ खात पडलेला होता.

प्लेअर काखेत धरून मी चालत गेलो, रिक्षा केली नाही. वहिनींनी दार उघडले. मी सगळे सांगितले, बैठकीत मी काय बोललो तेही. त्या म्हणाल्या, "ते घरी येऊन काही बोलले नाहीत हो. एवढंच म्हणाले, कॅप्टन फार चिडलेत, म्हणजे सिनेमा नीट दाखवायला हवा." त्यांनी कपाटातून यादी काढून दिली. अक्षर ठसठशीत, एकही ओळ वाकडी नाही. ज्याचे डोके ठिकाणावर नाही त्याचे अक्षर असे नसते. चित्रपटाच्या नावापुढे कारण लिहिले होते: "यात युद्ध नाही. पण युद्धावर निघालेल्या एका तुकडीने तो अर्धाच पाहिला. उरलेला अर्धा आपण पाहावा."

ती यादी घेऊन मी दुसऱ्या दिवशी नितीन यांच्याकडे गेलो. हा चित्रपट पहिल्या क्रमांकावर लागला पाहिजे आणि शोकसभेच्या पुस्तिकेतले, त्यांना काही कळेनासे झाल्याचे वाक्य मागे घेतले पाहिजे, असे मी सांगितले. ते चांगले गृहस्थ आहेत, ओशाळले. "पण सर," ते म्हणाले, "ते वाक्य तुमच्याच नावानं छापलंय. तुम्हीच बैठकीत बोलला होतात, भाषणात ते तुमचं म्हणून सांगितलं गेलं." पुस्तिका उघडली. खरेच, माझे नाव होते. म्हणून ते येथे, मंडळाच्या पुस्तिकेपेक्षा अधिक लोक वाचतात अशा ठिकाणी, मी मागे घेतो. श्रीधरपंतांना शेवटच्या दिवसापर्यंत कशाला काय म्हणतात हे पक्के ठाऊक होते. मला नव्हते. यंदाचा विजय दिवस मंगलाष्टकांच्या चित्रपटाने साजरा करावा. त्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव दिले की लोक फोनवर दोन मिनिटे पाहून मत देतात. पूर्ण पाहायचा असेल त्यांनी विजय दिवशी दुपारी चारला मंडळाच्या सभागृहात यावे. जे येणार नाहीत त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही.

मी तो प्लेअर आणला त्याच दिवशी वहिनींबरोबर पाहिला. त्यांच्या बाहेरच्या खोलीत दूरदर्शन संचासमोर दोन खुर्च्या आहेत. एक वेताची, तिच्यावर श्रीधरपंतांची घडी केलेली शाल. तिच्यावर कोणी बसले नाही. वहिनी जमिनीवर बसल्या, मी दुसऱ्या खुर्चीत. आचारी आला. उजव्या हाताने वाढू लागला आणि मला तो कोणी परकाच माणूस वाटला. विनोद साधे होते, वहिनी दोनदा हसल्या. मग मंगलाष्टके सुरू झाली. पळी, मुदपाकखान्याचे दार, मुलीने वर केलेली मान... आणि शिट्टी झाली नाही. चित्र पुढे सरकले. सगळ्या पलटणीने नाही, मी एकट्याने ते पुढे सरकताना पाहिले. 

संपल्यावर वहिनी हलक्याने म्हणाल्या, "काहीतरी चूक काढा ना, भाऊजी. ते म्हणायचे, कॅप्टन भांडले नाहीत तर सिनेमा पाहिल्यासारखा वाटत नाही." मी खरोखर प्रयत्न केला. पटकथेत ढिलाई होती, संगीत भडक होते, लग्नाचा मांडव कागदी होता. शेवटी त्या वेताच्या खुर्चीकडे, शालीच्या घडीकडे पाहत मी एवढेच म्हणालो, "ती उठते. नामदेवचं बरोबर होतं, श्रीधरपंत... ती उठते."